तेवीस पदार्थ सोडले, आता पुढे?

वाचकाचं पत्र:

"मी ३४ वर्षांचा आहे. मागच्या वर्षी जेवताना मांसाचा तुकडा छातीत अडकला, पाणीही खाली उतरेना. रात्री दुर्बीण घालून तो काढला आणि अन्ननलिकेचे नमुने तपासायला पाठवले. निदान आलं इओसिनोफिलिक इसोफेजायटिस, म्हणजे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जमून अन्ननलिकेला येणारी सूज. अहवालात या पेशींचा आकडा ४२ होता. डॉक्टरांनी गिळायचं स्टेरॉइड सुचवलं, पण स्टेरॉइड म्हटल्यावर माझी हिंमत झाली नाही. मी एका प्रयोगशाळेत 'कोणतं अन्न मानवत नाही' ती रक्ततपासणी करून घेतली. तिच्यात २३ पदार्थ लाल आले: दूध, अंडी, तांदूळ, बटाटा, टोमॅटो, केळी, सफरचंद, लसूण वगैरे. गहू हिरव्यात होता. पाच महिने हे २३ पदार्थ पूर्ण बंद आहेत. वजन ८ किलो उतरलं, पण घास अडकणं जवळपास थांबलंय. सावकाश जेवतो, प्रत्येक घासामागे घोटभर पाणी घेतो, एवढंच. आता डॉक्टर पुन्हा दुर्बीण घालू म्हणतात. बरं वाटत असताना कशाला? हे पथ्य जन्मभर पाळायचं का? मी वेगळा बसून जेवतो. सहा वर्षांची मुलगी विचारते, 'बाबा, तू आमच्याबरोबर का नाही जेवत?' तिला काय सांगू?"

उत्तर:

तुमच्या प्रश्नांकडे येतेच, पण त्याआधी वजन. पाच महिन्यांत ८ किलो, तेही न ठरवता, आणि पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंत. दूध, अंडी, तांदूळ आणि बटाटा एकदम ताटातून गेले, म्हणजे प्रथिनं, कॅल्शियम आणि रोजच्या उष्मांकांचा मोठा वाटा गेला. आहारतज्ज्ञ म्हणून मी या आजाराची बरीच माणसं पाहिली आहेत. अन्ननलिका सुधारावी म्हणून निघालेला माणूस उपासमारीने खंगतो, हे मला प्रत्येक वेळी तितकंच बोचतं, कारण ते टाळता येण्यासारखं असतं. तुमच्या बाबतीतही अजून टाळता येईल. त्या २३ पदार्थांपैकी बहुतेक पदार्थ तुमच्या ताटात परत यायला हवेत असं माझं मत आहे. ते का आणि कोणत्या क्रमाने, हेच या उत्तरात सांगायचं आहे.

त्या रक्ततपासणीपासून सुरुवात करते. अशा चाचण्या बहुतेक वेळा आयजीजी नावाची प्रतिद्रव्यं मोजतात. आपण जे नेहमी खातो त्याची आयजीजी रक्तात सापडणं स्वाभाविक आहे. शरीराची त्या अन्नाशी ओळख आहे, एवढंच त्यातून कळतं. तांदूळ आणि बटाटा लाल यायचं कारण बहुधा तुम्ही ते रोज खात होता, हेच आहे. ॲलर्जीच्या तज्ज्ञांच्या संघटना ही चाचणी निदानासाठी वापरू नका असं स्पष्ट सांगतात. तुम्ही फसलात याचा तुम्हाला दोष देत नाही. भ्यालेल्या माणसाच्या हातात कुणी लाल-हिरव्या रंगांचा कागद दिला की तो पटतोच.

बरं, ती नको तर ॲलर्जीची खरी चाचणी करावी का, त्वचेवर टोचून करतात ती? इथे हा आजार समजून घ्यावा लागतो. शेंगदाणा खाल्ला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, ही झाली तत्काळ ॲलर्जी. तिच्यामागे आयजीई नावाचं प्रतिद्रव्य असतं आणि टोचून करायची चाचणी तेच शोधते. तुमच्या अन्ननलिकेत जे चाललंय त्याची चाल वेगळी आहे. अन्नातलं एखादं प्रथिन अस्तरातून आत झिरपतं. तिथल्या रोगप्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन-१३ नावाचा संदेश सोडतात. तो मिळाला की अस्तराच्या पेशी इओटॅक्सिन-३ हे रसायन बनवायला लागतात आणि ते रसायन इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींना हाका मारून जमवतं. हे सगळं दिवसांच्या आणि आठवड्यांच्या हिशोबाने घडतं. आज खाल्लेल्या घासाचा त्रास आज होत नाही, म्हणून 'मला अमुक बाधतं' हा आपला रोजचा अंदाज इथे सारखा चुकतो. आणि चाचणीही चुकते. २०१२ साली अमेरिकेत ५० प्रौढांवर झालेल्या अभ्यासात, पुढे प्रत्यक्ष खाऊन दोषी ठरलेल्या पदार्थांपैकी फक्त १३ टक्के त्वचेच्या चाचणीने आधी ओळखले होते. या आजारात दोषी अन्न आधीच सांगणारी भरवशाची चाचणी आज कुठेच नाही. ते अन्न वगळून आणि परत खाऊनच शोधावं लागतं.

ही वाट सापडली त्याची गोष्ट मला फार आवडते. १९९०च्या दशकापर्यंत अन्ननलिकेत इओसिनोफिल दिसले की डॉक्टर ते पोटातलं ॲसिड वर येण्याच्या खात्यात टाकत. १९९५ साली अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी अशी दहा मुलं निवडली जी ॲसिडच्या उपचारांना दाद देत नव्हती. त्यांचं नेहमीचं अन्न बंद करून त्यांना फक्त अमिनो आम्लांचं पेय दिलं. म्हणजे प्रथिनं इतकी सुटी केलेली की शरीराला ओळखायला काही उरूच नये. दहापैकी आठ मुलांचा त्रास पूर्ण थांबला, उरलेल्या दोघांचा कमी झाला, आणि अस्तरातले इओसिनोफिलही उतरले. अन्न परत सुरू केलं तेव्हा त्रास परतला. आजाराचं मूळ ताटात आहे हे तेव्हा पहिल्यांदा पक्कं दिसलं.

पण नुसत्या पेयावर माणूस किती दिवस राहील? त्याची चव घशाखाली उतरणं कठीण. मुलांना तर कधीकधी नाकातून नळी घालून ते द्यावं लागतं. म्हणून २००६ साली शिकागोच्या डॉक्टरांनी मुलांमध्ये सोपा मार्ग करून पाहिला: ज्या पदार्थांची ॲलर्जी सर्वांत जास्त आढळते तेवढेच बंद करायचे. दूध, गहू, अंडी, सोया, कठीण कवचाची फळं व शेंगदाणे, आणि मासे व कवचधारी जलचर, असे सहा गट. ३५ मुलांपैकी ७४ टक्के मुलांच्या अन्ननलिकेची सूज उतरली. त्याच अभ्यासात पेयावर ठेवलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण ८८ टक्के होतं. फरक होता, पण या मुलांना चावून जेवता येत होतं. प्रौढांवरच्या ज्या अभ्यासाचा मी वर उल्लेख केला त्यातही सुमारे ७० टक्क्यांना गुण आला, आणि त्यांच्यात दोषी अन्न सर्वांत जास्त वेळा गहू आणि दूध हेच निघालं.

आता तुमची यादी पुन्हा बघा. दूध बंद आहे, अंडी बंद आहेत, ते ठीक. पण गहू तुम्ही रोज खाता आहात, कारण तो त्या कागदावर हिरवा होता. आणि केळी, सफरचंद, लसूण, बटाटा पाच महिने शिक्षा भोगताहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. गहूच तुमचा चोर आहे असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण संशयितांच्या रांगेत तो दुधाच्या शेजारी उभा असतो आणि त्याची चौकशी झालेलीच नाही.

गेल्या काही वर्षांत या उपचाराची दिशा आणखी बदलली आहे आणि ती तुमच्या फायद्याची आहे. पूर्वी सहाही गट एकदम बंद करायचे आणि मग एकेक परत आणायचा, अशी रीत होती. त्यात वर्षभर दुर्बिणी घालत बसावं लागे आणि निम्मे लोक मध्येच कंटाळून सोडून देत, निदान माझा अनुभव तरी असा आहे. मग स्पेनमधल्या डॉक्टरांनी उलटा जिना चढून पाहिला. आधी दोनच गट बंद करायचे, दूध आणि गव्हासारखी ग्लूटेनची धान्यं. त्याने भागलं नाही तर चार, तरी नाही तर सहा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १३० रुग्ण होते. दोनच गट बंद करून ४३ टक्के लोकांची सूज उतरली, चारपर्यंत गेल्यावर एकूण ६० टक्के, सहापर्यंत गेल्यावर ७९ टक्के. आणि २०२३ साली अमेरिकेतल्या १२९ प्रौढांवरच्या अभ्यासात याहून साधा प्रश्न विचारला गेला: फक्त दूध बंद करणं आणि सहाही गट बंद करणं, यात सहा आठवड्यांनी किती फरक पडतो? फक्त दूध बंद केलेल्यांत ३४ टक्के लोकांची सूज आटोक्यात आली, सहा बंद केलेल्यांत ४० टक्के. हा फरक इतका लहान होता की संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक म्हणून टिकला नाही.

म्हणून माझं मत पक्कं झालं आहे की या आजारात कमीत कमी अन्नापासून सुरुवात करावी. तेवीसपासून तर नाहीच.

आता तुमचा मुख्य प्रश्न. बरं वाटत असताना दुर्बीण कशाला?

तुमच्याच पत्रातली ओळ घेते: 'सावकाश जेवतो, प्रत्येक घासामागे घोटभर पाणी घेतो, एवढंच.' ते 'एवढंच' नाही. या आजाराची माणसं अशीच जगायला शिकतात. घास बारीक करतात, खूप चावतात, पाण्याने ढकलतात, कोरडं आणि चिवट अन्न टाळतात, गोळ्या मोठ्या असतील तर नको म्हणतात, सगळ्यांची ताटं उचलली गेली तरी बसून राहतात. वर्षानुवर्षं असं केल्यावर त्यांना स्वतःलाच वाटतं की आपल्याला काही त्रास नाही. तुम्हाला आता कमी अडकतं ते सूज उतरल्यामुळे, की मांस आणि कोरडं अन्न तुम्ही आपसूक टाळताय म्हणून, की जेवणच इतकं कमी झालंय म्हणून? ते तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही नाही. त्रास आणि सूज यांचं या आजारात नीट जुळत नाही, हे अभ्यासांतही वारंवार दिसलं आहे.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ यायचे. चार गट बंद केले होते, अगदी काटेकोर. 'एकदम छान वाटतंय' म्हणायचे. पुढची दुर्बीण त्यांनी पुढे ढकलली, कामाची गडबड होती, आणि मी त्यांना हट्टाने पाठवलं नाही. सव्वा वर्षाने पुन्हा घास अडकला तेव्हा आतली सूज तशीच होती आणि नळी एका जागी अरुंद झाली होती. ती ताणून रुंद करावी लागली. ते वर्षभर जे अन्न वगळत होते त्याचा काही उपयोग होत नव्हता, आणि ते आम्हा दोघांना कळलंच नाही. तेव्हापासून 'छान वाटतंय' या उत्तरावर मी कुणाला सोडत नाही.

सूज तशीच राहिली तर अस्तराखाली घट्ट तंतू साठत जातात आणि नळी आखडते. स्वित्झर्लंडमधल्या २०१३च्या एका अभ्यासात त्रास सुरू झाल्यापासून निदानापर्यंत किती काळ गेला ते पाहिलं होतं. दोन वर्षांच्या आत निदान झालेल्यांत १७ टक्के लोकांची अन्ननलिका कुठेतरी अरुंद झालेली होती. वीस वर्षांहून जास्त काळ गेलेल्यांत ७१ टक्के. तुम्ही ३४ वर्षांचे आहात. तुमच्यापुढे अजून अनेक वर्षं आहेत आणि नळी मऊ ठेवण्याची संधीही आहे.

निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात इओसिनोफिल जवळजवळ नसतातच. सूक्ष्मदर्शकाखाली खूप मोठं करून पाहिलेल्या एका क्षेत्रात १५ किंवा त्याहून जास्त दिसले की ते या आजाराचं लक्षण धरतात. तुमचे ४२ होते. उपाय लागू पडतोय का, याचं उत्तर त्या आकड्यात आहे. सूज ठिगळाठिगळांनी असते म्हणून वेगवेगळ्या उंचीवरून निदान सहा नमुने घ्यायचे असतात. तेवढे घेणार ना, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. मागच्या वेळी नळीत कडी किंवा अरुंद जागा दिसली होती का, हेही विचारा. आहाराने सूज उतरते, पण आधीच आखडलेली जागा आहाराने रुंद होत नाही. भूल देऊन तोंडातून दुर्बीण घालण्याची भीती असेल तर काही ठिकाणी नाकातून जाणारी बारीक दुर्बीण वापरतात, तिला भूल लागत नाही. तुमच्याकडे सोय असेल तर विचारून बघा.

फक्त एक गोष्ट. आज, या २३ पदार्थांच्या उपासावर दुर्बीण घातली आणि समजा आकडा चांगला आला, तरी तुमच्या हाती काय येईल? २३ संशयित, जसेच्या तसे. म्हणून मी तुमच्या डॉक्टरांपुढे वेगळा क्रम ठेवीन. आत्ता दूध आणि अंडी बंदच ठेवायची. तांदूळ, बटाटा, टोमॅटो, केळी, सफरचंद, लसूण आणि यादीतली बाकीची फळं-भाज्या-धान्यं परत आणायची. यादीत शेंगदाणे, बदाम, सोया किंवा मासे असतील तर ते मात्र सध्या बाजूलाच राहू द्या. कुठल्याही पदार्थाने तुम्हाला पूर्वी कधी ओठ सुजणं, गांधी उठणं, धाप लागणं असं झालं असेल, तर तो पदार्थ घरी स्वतःहून आणायचा नाही, आधी ॲलर्जीतज्ज्ञांना दाखवायचं. असं सहा ते आठ आठवडे पोटभर जेवून मग दुर्बीण. मध्येच अडकणं वाढलं तर तेवढीही वाट बघायची नाही, लगेच डॉक्टरांकडे जायचं.

आकडा १५च्या खाली आला तर अंडी परत आणायची. आठवड्यातून एकदा चाखण्यापुरती नाही, जवळजवळ रोज, भरपूर, सहा ते आठ आठवडे, आणि पुन्हा दुर्बीण. आकडा खालीच राहिला तर अंडी निर्दोष. मग दूध, त्याच पद्धतीने. ज्या पदार्थाने आकडा चढेल तो तुमचा चोर. तो पुन्हा बंद करून सूज उतरली की पुढच्या पदार्थाकडे जायचं. पहिल्याच दुर्बिणीत आकडा वरच राहिला, तर पुढचा संशय गव्हावर, किंवा मग औषध. दोन्ही वाटा मोकळ्या आहेत.

लोकांना वगळण्याचा भाग अवघड वाटतो. मला विचाराल तर खरं काम परत आणण्यात आहे, आणि तिथेच माणसं हात आखडता घेतात. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तसं होतं. 'बरं चाललंय ना, मग कशाला छेडा?' असं म्हणत सहा-सहा गट वर्षानुवर्षं बंद ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, ज्यांचा दोषी पदार्थ बहुधा एकच होता. आपल्या मनात पथ्य म्हटलं की मुकाट्याने पाळायचं, असंच असतं. तुमच्या प्रश्नातला 'जन्मभर' हा शब्द तिथूनच आला आहे. या वगळण्याला पथ्य म्हणू नका. हा तपास आहे, त्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे. जन्मभर सोडायचं असेल तर ते फक्त सिद्ध झालेलं अन्न, बहुतेकांच्या बाबतीत एक किंवा दोन. ते मात्र खरंच दीर्घकाळ सोडावं लागतं. हा आजार असा मुळातून जात नाही, दोषी अन्न परत आलं की सूजही परत येते.

तपासाच्या काळात बाकी सगळं स्थिर ठेवा. ॲसिडवरची गोळी चालू असेल तर तीच मात्रा चालू ठेवा, मध्येच बंद किंवा दुप्पट करू नका. त्या गोळीनेही या आजारात बऱ्याच लोकांची सूज उतरते, त्यामुळे ती बदलली तर गुण अन्नाचा की गोळीचा ते कळणार नाही. परागकणांच्या मोसमात ज्यांची सर्दी किंवा दमा बळावतो त्यांच्या अन्ननलिकेवरही कधीकधी त्याचा परिणाम होतो. तसं असेल तर दुर्बिणीची तारीख ठरवताना सांगा. एक वही ठेवा. काय खाल्लं त्यापेक्षा कसं खाल्लं ते लिहा: जेवायला किती वेळ लागला, किती वेळा पाण्याने घास ढकलावा लागला, काय नको म्हणालात. आणि आठवड्यातून एकदा वजन.

दुधाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ते सर्वांत जास्त लपून बसतं. दोष दुधातल्या प्रथिनांचा आहे, साखरेचा नाही. त्यामुळे लॅक्टोज काढलेलं दूध चालत नाही. त्यात प्रथिनं तशीच असतात. शेळीचं किंवा मेंढीचं दूधही चालत नाही, त्यांची प्रथिनं गाईच्या दुधाशी फार मिळतीजुळती असतात. दही, चीज, लोणी, साय सगळं त्यातच आलं. पाकिटावर केसीन, केसिनेट, व्हे, दूध पावडर यांपैकी काही दिसलं की ते दूधच समजा. बिस्किटं, पाव, तयार सूप, सॉस, चॉकलेट, प्रथिनांच्या पावडरी, इतकंच काय काही मांसाच्या तयार पदार्थांतही ते असतं. पाच महिने दूध बंद असल्याचं तुम्ही लिहिता. एकदा घरातली सगळी पाकिटं उलटी करून वाचा. दुधाच्या जागी काय, तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घातलेली वनस्पतिजन्य पेयं मिळतात, पण त्यांतल्या कित्येकांत प्रथिनं अगदी नावापुरती असतात. म्हणून आहारतज्ज्ञाकडे बसून हिशोब लावून घ्या. आणि दूध इतक्या महिन्यांनी परत आणायची वेळ येईल तेव्हा, विशेषतः तुम्हाला दमा, इसब किंवा ॲलर्जीची सर्दी असेल तर, आधी डॉक्टरांना विचारा. एखादं अन्न दीर्घकाळ बंद ठेवून परत खाल्लं तेव्हा तत्काळ ॲलर्जी उमटल्याची उदाहरणं आहेत. क्वचित होतं, पण पहिला पेला घरी एकट्याने पिण्यात शहाणपण नाही.

स्टेरॉइडच्या भीतीविषयी बोलायलाच हवं, कारण तुमचा सगळा प्रवास तिथून सुरू झाला. ब्युडेसोनाइडसारखं गिळायचं स्टेरॉइड अन्ननलिकेच्या अस्तरावर लागून काम करतं, त्वचेवर मलम लावावं तसं. जे थोडं पोटातून शोषलं जातं त्यातलं बहुतेक यकृत लगेच निकामी करतं. महिनोन्‌महिने पोटात घेतलेल्या जोरदार स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं, असं जे तुमच्या डोळ्यांपुढे येतं, ते चित्र इथे जसंच्या तसं लागू पडत नाही. सर्वांत जास्त आढळणारा त्रास म्हणजे तोंडात किंवा अन्ननलिकेत बुरशी वाढणं, आणि त्यावर औषध आहे. घेतल्यावर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, एवढी शिस्त लागते. साधारण दोनतृतीयांश लोकांची सूज या औषधाने उतरते. म्हणजे ते आणि आहार जवळपास तुल्यबळ आहेत. ज्यांना या दोन्हींनी गुण येत नाही त्यांच्यासाठी ड्युपिलुमॅब हे इंजेक्शनही आता आहे. ते इंटरल्यूकिन-१३चा तोच संदेश अडवतं. अमेरिकेत २०२२ साली त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली.

तुम्ही आहाराचा मार्ग निवडलात तर मी मनापासून तुमच्या बाजूने आहे. या मार्गाने गेलं तर आपल्या आजाराचं नेमकं कारण हाती लागू शकतं, आणि तसं औषधाने कळत नाही. पण तो औषधाच्या भीतीपोटी निवडू नका. वजन असंच उतरत राहिलं, किंवा जेवण समोर आलं की खाण्याआधी धास्ती वाटायला लागली, तर आहार थांबवून औषध घेणं हाच चांगला निर्णय ठरेल, आणि त्यात हार काहीच नाही. सहा महिन्यांनी, अंगावर मांस आल्यावर, तपास पुन्हा सुरू करता येतो.

पुन्हा कधी घास अडकला आणि थुंकीही गिळता येईना, तर वाट पाहू नका. वरून आणखी अन्न ढकलू नका, बोट घालून उलटी काढायचा प्रयत्नही करू नका. सुजलेली नळी त्याने फाटू शकते. सरळ तातडीच्या विभागात जा आणि हे निदान आधी सांगा.

आता मुलगी. तिला खरं सांगा, सहा वर्षांच्या मुलीला समजेल इतपत: बाबाच्या घशाच्या खाली सूज आहे, कोणत्या खाण्याने येते ते डॉक्टर शोधताहेत, म्हणून सध्या बाबाला दूध आणि अंडं नको. तिचं दूध किंवा अंडं मात्र खबरदारी म्हणून बंद करू नका; तिला काही त्रास नसेल तर त्याची गरज नाही. तिला कधी गिळायला अडचण येतेय, ती ताटावर फार रेंगाळतेय असं वाटलं तर तिच्या डॉक्टरांना तुमचं निदान सांगा, कारण हा आजार कधीकधी एकाच घरात दिसतो.

आणि आज रात्रीपासून तिच्या शेजारी बसा. वेगळं ताट चालेल, वेगळी जागा नको. सहा वर्षांचं मूल तसंही सावकाश जेवतं, तुमचं तिच्याशी चांगलं जमेल. तुमच्या हाताशी पाण्याचा पेला असला तर तिला त्यात काही वावगं वाटणार नाही. एखाद्या दिवशी जेवण संपेपर्यंत त्या पेल्याला हात लावावा लागला नाही असं लक्षात आलं, तर तेवढं वहीत लिहून ठेवा.